डायलिसिसच्या पेशंटचं बीपी: मीठ, पाणी आणि हृदय

किडनीच्या पेशंटच्या घरात रोजची चर्चा क्रिएटिनिनची. बीपीकडे मात्र "ते तर असतंच" म्हणून दुर्लक्ष होतं. डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयविकार आहे, आणि त्याची वाट बऱ्याचदा बीपीमधून जाते.

साधा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. चार-चार तासांचे तीन डायलिसिस म्हणजे १२ तास. उरलेले १५६ तास पाणी आणि मीठ अंगातच साठतं. रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, हृदयाला जोर लावून पंप करावं लागतं आणि डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. त्यात रक्त कमी असणं, वाढलेल्या फॉस्फरसमुळे रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणं, आणि बऱ्याच जणांना आधीपासूनची शुगर.

त्यामुळे इथे पहिलं औषध गोळी नाही, 'ड्राय वेट' आहे, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं योग्य वजन. दोन डायलिसिसमध्ये एक किलो वजन वाढलं तर साधारण एक लिटर पाणी साठलं असं समजा. जास्त साठलं की मशीनला ते चार तासांत ओढावं लागतं. मग बीपी एकदम खाली येतं, पायात गोळे येतात, हृदयालाही रक्त कमी पडतं. सटाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर; एवढ्या प्रवासाला कंटाळून काही जण एखादी पाळी चुकवतात, ते फार महागात पडतं. आठवड्यातली दोन दिवसांची मोठी सुट्टी तशीही सर्वांत धोक्याची असते. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

तहान मिठामुळे लागते. अम्मी पाणी मोजून देते आणि ताटात लोणचं, पापड, सुकी मासळी वाढते, मग पेशंट तरी काय करणार? निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ तर या पेशंटला देऊच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडून अचानक बंदही पडू शकतात. आपल्या बागलाणचं डाळिंब, त्याचा ज्यूस, नारळपाणी आणि इफ्तारचे खजूर यांतही पोटॅशियम भरपूर. भेटायला येताना पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावं.

रोज्याचा निर्णय किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच. आजारी माणसाला कुरआनातच सवलत आहे (सूरह बकरा, १८४-१८५), त्यात कमीपणा कसला?

बीपी घरीही मोजा, पाच मिनिटं शांत बसून, आणि वहीत लिहा. दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा ही वही डॉक्टरांना जास्त सांगते. फिस्टुलाच्या हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही. डायलिसिसच्या दिवशी कोणती गोळी आधी, कोणती नंतर, हेही विचारून घ्या, कारण काही औषधं डायलिसिसमध्ये धुऊन निघतात, काही नाही. गोळ्या मनाने बंद करू नका.

आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, हातपाय एकदम लुळे वाटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पाळीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.