ज्योतीनें आणिलेला गारवा

विस्तवापासून गारवा निघावा, हें ऐकण्यास विपरीत वाटतें. परंतु १९२२ सालीं स्टॉकहोमच्या तंत्रमहाविद्यालयांतील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं तें साधिलें. त्यांच्या शीतकपाटांत पंप नव्हता. ज्योतीच्या उष्णतेनें अमोनिया पाण्यांतून सुटे, निवून द्रवरूप होई आणि हैड्रोजनच्या संगतींत पुन्हां वायुरूप होतांना कपाटांतील उष्णता शोषून घेई. १९२५ सालीं इलेक्ट्रोलक्स कंपनीनें हें कपाट बाजारांत आणिलें.

वीज नसेल तेथेंही चालत असल्यामुळें पुढें तें प्रवाशांच्या फिरत्या घरांत, म्हणजे कॅम्पर गाडींत, शिरलें. तेथें मात्र पंप नसणें हीच अडचण होते. द्रव केवळ उतारानें वाहतो. गाडी कलती उभी असली कीं तो खोळंबतो व यंत्र बिघडतें. त्याहून घोर भय ज्योतीचें. हवा अपुरी पडल्यास उत्पन्न होणारा गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायु निजलेल्यांचे प्राण घेतो. म्हणून जळलेल्या वायूची वाट बाहेर व मोकळी असावी. गाडी चालतांना गॅस बंद करून कपाट बॅटरीवर चालवावें. पेट्रोल भरतांना ज्योत विझलेलीच असावी. पंपावांचून चालणारें हें यंत्र मनुष्याच्या दक्षतेवांचून मात्र चालवितां येत नाहीं.