परवान्याचे कुलूप, पेढीची अडचण

नागपूरच्या गांधीबागेसारख्या घाऊक कापड बाजारातील पेढीत बिले एका संगणकावर बनतात, गोदामाची नोंद दुसऱ्यावर होते आणि हिशेबनीस तिसऱ्यावर काम करतो. असे संगणक नेटवर्कने जोडले की सॉफ्टवेअरचा परवानाही अनेकांच्या वापरासाठीचा घ्यावा लागतो. ठरल्यापेक्षा अधिक जणांनी ते वापरू नये किंवा त्याची नक्कल होऊ नये, यासाठी उत्पादक त्याला ‘कॉपी प्रोटेक्शन’चे कुलूप लावतात.

या कुलपाची रूपे बदलत गेली. १९८० च्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीच्या काही आवृत्त्यांना सर्व्हरमध्ये स्वतंत्र ‘की-कार्ड’ बसवावे लागे. पुढे एकाच अनुक्रमांकाचे दोन सर्व्हर नेटवर्कवर आढळल्यास ही प्रणाली स्वामित्वहक्कभंगाचा इशारा देत असे. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा ‘डोंगल’ नंतर यूएसबीच्या रूपात आला. आता परवाना संगणकाच्या हार्डवेअरशी बांधला जातो अथवा इंटरनेटवरून कार्यान्वित केला जातो.

अडचण होते ती प्रामाणिक ग्राहकाची. डोंगल हरवला की पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर बंद पडते. बिघडलेले नेटवर्क कार्ड बदलले, तर तोच संगणक सॉफ्टवेअरला परका वाटू शकतो. वीज अचानक गेल्यास बंद पडलेल्या संगणकाची जागा काही काळ ‘वापरात’ दिसते व दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी असे घडल्यास विलंब शुल्काचा भुर्दंड बसतो. कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र यांपैकी काहीच विचारत नाही.

तरीही तो मार्ग धोक्याचा आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५अ नुसार गुन्हा ठरते. कलम ५२ कायदेशीर ग्राहकाला सुरक्षेसाठी राखीव प्रत करण्याची मुभा देते; पण डोंगल जागेवर नसेल तर ती प्रत चालत नाही.

म्हणूनच खरेदीपूर्वी तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात: डोंगल बदलून मिळण्याची मुदत, नव्या संगणकावर परवाना हलविण्याची पद्धत आणि उत्पादक कंपनी बंद पडल्यास जुने हिशेब उघडण्याची सोय.