दादरची अंधारखोली

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या राहत्या घरातच अंधारखोली केली. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांविना मिळे. ती छिद्रे सरस्वतीबाई अंधारात यंत्राने पाडीत. रसायनेही त्याच कालवीत. (इतिहासात हे श्रम एका ओळीत आटोपतात!) तांबडा दिवा तेवढा चाले, कारण त्या फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नसे. पहिला प्रयोग कुंडीतल्या वाटाण्याचा : महिन्याभराची वाढ मिनिटभराच्या चित्रफितीत. ती पाहून भांडवल मिळाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ही याच घरात धुतला गेला.