पेटीतले जहाज

समजा, उद्या टपालाने तुमच्या घरी एक लांबट पेटी आली. झाकण उघडून पाहता, तर आत जहाज नाहीच! आत आहेत पातळ लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, जाड फळीतून कापलेले काही चमत्कारिक आकार, दोऱ्याची रिळे, मोहरीएवढ्या कप्प्यांची पुडी, पितळी तोफा, आणि तळाशी घडी करून ठेवलेले मोठमोठे नकाशे. पेटीवर मात्र तीन डोलकाठ्यांच्या एका दिमाखदार युद्धनौकेचे चित्र छापलेले आहे. म्हणजे जहाज तुमच्या हाती आलेले नाही. जहाज बांधण्याचे काम तुमच्या हाती आलेले आहे. यालाच बाजारात ‘किट’ म्हणतात, आपण त्याला जुळणीचा संच म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, हे तर रिकामपणचे खेळणे! यात इतिहास कसला आला? मीही एके काळी असेच म्हणालो असतो. पण या पेटीच्या पाठीमागे साडेतीनशे-चारशे वर्षांची परंपरा उभी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या मुंबई बंदरापर्यंत येऊन पोचतो. तो धागा आज तुमच्या हाती द्यावा, एवढाच माझा हेतू.

छोटे जहाज करण्याची हौस फार जुनी आहे. इजिप्तमध्ये थीब्झजवळ मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे १९२० साली उकरले गेले. त्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी नौका, वल्हेकऱ्यांसकट, जशाच्या तशा सापडल्या. आपल्याकडे लोथलच्या उत्खननात भाजल्या मातीची होडी मिळाली. पण या प्रतिकृती झाल्यानंतर कोणी त्यांच्याबरहुकूम खरे जहाज बांधायला बसले नव्हते. प्रतिकृतीला कारखान्यात मानाचे स्थान मिळाले, ते युरोपात सतराव्या शतकात.

फिनिअस पेट नावाचा एक इंग्रज जहाजबांधणीकार होता. १६०७ साली त्याने एका मोठ्या युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेतली आणि ती आरमाराच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे ठेवली. पुढे ती राजा पहिला जेम्स याने पाहिली, आणि तशीच नौका बांधण्याचा हुकूम झाला. तीच ‘प्रिन्स रॉयल’. सप्टेंबर १६१० मध्ये ती पाण्यात सोडण्याचा थाटाचा समारंभ झाला. राजा आला, दरबारी आले, वाजंत्री वाजली, आणि जहाज गोदीच्या तोंडातच अडकून बसले! पुढच्या भरतीला ते कसेबसे बाहेर काढावे लागले. जहाज छोट्या रूपात पाहून सगळे खूष झाले होते. गोदीच्या दाराची रुंदी मात्र त्या छोट्या रूपात दिसत नव्हती. असो.

याच शतकाच्या मध्यापासून इंग्रजी आरमारासाठी ज्या प्रतिकृती होऊ लागल्या, त्या आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८ असे, म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच. गंमत अशी की, त्यांचा पाण्याखालचा भाग मुद्दाम उघडा ठेवीत. वरच्या फळ्या बसवलेल्या, कोरीवकाम सोन्याने मढवलेले, आणि खाली मात्र नुसत्या फासळ्या! जहाजाचे सौंदर्य वरून पाहायचे आणि त्याची हाडे खालून मोजायची, अशी ती दुहेरी सोय. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस याहून व्यवहारी तोड निघाली. जहाजाचा अर्धाच आकार, उभा दुभागलेला, फळ्यांचे थर एकावर एक रचून तासायचा. आकार मनासारखा झाला की थर सुटे करायचे, प्रत्येकाची मापे घ्यायची, ती कितीएक पटीने वाढवायची, की झाले खऱ्या जहाजाचे आराखडे तयार. म्हणजे आधी हाताने आकार, मग कागदावर रेघ.

याच्या अगदी उलट कथा आहे कैद्यांची. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले हजारो फ्रेंच खलाशी इंग्लंडात डांबले गेले. पीटरबरोजवळचा नॉर्मन क्रॉसचा तळ १७९७ ते १८१४ या काळात यासाठीच होता. या लोकांपाशी नकाशे नव्हते, लाकूडही बेताचेच. होती ती शिध्यातल्या मांसाची उरलेली हाडे आणि फावला वेळ. त्यांनी हाडे घासून, तासून त्यांची जहाजे केली आणि बाजारात विकून चार पैसे मिळवले. जाणकार सांगतात की, या प्रतिकृतींची मापे पुष्कळदा चुकलेली असतात. चुकणारच की हो! ती जहाजे आठवणीतून बांधलेली होती. घराची ओढ लागलेला माणूस डोलकाठ्या जरा उंचच करणार.

आता आपल्या पेटीकडे वळू. तिच्यावरचे चित्र बहुतेक ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेचे असेल, कारण जुळणीच्या संचांत ही नौका फार लोकप्रिय आहे. ती बॉस्टन येथे २१ ऑक्टोबर १७९७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही बॉस्टनलाच तरंगते आहे. तिचा कप्तान ऐझॅक हल याने १८१२ साली इंग्रजांची ‘गेरीअर’ नौका बुडवली, आणि १८१३ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ची एक प्रतिकृती सेलम गावच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला दिली. काळ गेला. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या होऊन खऱ्या जहाजाचे रूप बदलत गेले, तेव्हा ते मुळात कसे होते हे ठरवताना जाणकारांनी या छोट्या प्रतिकृतीला साक्षीला बोलावले. लेकराने आईला तिचे तरुणपण सांगावे, तसेच नाही का हे?

विसाव्या शतकात ही विद्या गोदीतून घरातल्या टेबलावर आली. १९२०च्या दशकात अमेरिकन मासिके हौशी वाचकांसाठी जहाजांचे नकाशे छापू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर तयार संचांचा धंदा वाढला. ‘मॉडेल शिपवेज’ ही अमेरिकन कंपनी १९४६ सालची, आणि पुढे इटली व स्पेनमधल्या कंपन्यांनी अक्रोडाच्या पट्ट्यांच्या पेट्या जगभर पोचवल्या.

पण पेटी विकत घेतली म्हणजे विद्या आली, असे समजू नका. पहिल्या आठवड्यातच हात शिकू लागतो. आधी कण्यावर आडव्या फासळ्या बसवायच्या. त्यांच्या कडा सरळ ठेवल्या तर पट्टी फक्त धारेवर टेकते, म्हणून जहाजाच्या वळणाप्रमाणे त्या कानशीने तिरप्या घासाव्या लागतात. मग फळ्या. फळ्या एकाच बाजूला भराभर लावत गेलात तर सांगाडा पिळवटतो, म्हणून एक फळी डावीकडे, तर दुसरी उजवीकडे. आणि आता खरी मेख. समजा, मधल्या फासळीचा एका बाजूचा घेर आठ सेंटिमीटर आहे आणि पट्टी पाच मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे सोळा पट्ट्या लागल्या. पण नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, घेर पाचच सेंटिमीटर उरतो आणि पट्ट्या तर सोळाच पोचणार. मग प्रत्येक पट्टी पुढे निमुळती होत तीन मिलिमीटरवर आली पाहिजे. नवशिका हे हिशेबात धरत नाही. तो पट्ट्या तशाच दामटतो, आणि चार रांगा लागल्या की त्या एकमेकींवर चढू लागतात. मग सगळे उकलून पुन्हा श्रीगणेशा!

हा हिशेब कागदावर वाचला तर दोन ओळींचा. पण तो बोटांना कळतो तेव्हा एक गोष्ट लख्ख ध्यानात येते : ज्याने शंभर-दीडशे फुटांच्या जहाजावर, सागाच्या जड फळ्यांनी हाच हिशेब जमवला, तो मिस्त्री केवढा मोठा माणूस असला पाहिजे!

इथेच मुंबईचा धागा हाती लागतो. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ याच ‘कॉन्स्टिट्यूशन’ने इंग्रजांच्या ‘जावा’ या नौकेशी झुंज दिली. ‘जावा’चा कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला, नौका शरण आली आणि दुरुस्तीपलीकडे गेली म्हणून जाळून टाकण्यात आली. ही ‘जावा’ निघाली होती हिंदुस्थानकडे. तिच्यावर मुंबईच्या फौजेचे नियोजित सरसेनापती होते, मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजासाठी तांब्याचे पत्रे होते, आणि आणखी एका नव्या युद्धनौकेचे नकाशेही होते. ते नकाशे तिच्याबरोबरच गेले. मुंबईच्या मिस्त्रीला दुसरी प्रत येईपर्यंत थांबावे लागले.

तो मिस्त्री होता जमशेटजी बमनजी वाडिया. १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यातला. दुसरी प्रत आली, मलबारी साग आला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती नौका मुंबईच्या पाण्यात उतरली. नाव ‘ट्रिंकोमाली’. आकार मूळ एका पकडलेल्या फ्रेंच जहाजाचा, नकाशा इंग्रजांचा, लाकूड मलबारचे आणि हात मुंबईचे! ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. पाण्यावर असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती लोकांना दाखवतात. ओक लाकडाच्या तिच्या कितीतरी भावंडांचा सरपणासारखा शेवट झाला. साग मात्र टिकला.

वाचकहो, या कथेतली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे बुडाले, तरी त्यांची दुसरी प्रत लंडनमध्ये होती. म्हणून जहाज झाले. पण ज्या जहाजांची पहिली प्रतही कधी कागदावर उतरली नाही, त्यांचे काय?

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चाल केली. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि गुराबा, गलबते बंदरातच जळून गेली. त्यांतले एकही जहाज आज आपल्यापुढे उभे नाही. गुराबेच्या नाळेचा नेमका बाक कसा होता, फळी फळीला कशी सांधत, हे आपल्याला परक्यांच्या चित्रांवरून आणि बखरींतल्या ओझरत्या शब्दांवरून ताडावे लागते. आमच्या मिस्त्रीचा नकाशा त्याच्या डोळ्यांत होता. केरळात बेपूरला ‘उरू’ बांधणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या असेच, कागदावाचून, मोठाली लाकडी जहाजे उभी करत आले. कच्छात मांडवीला तेच, आणि आपल्या कोकणच्या खाड्यांतही मचवे, पडाव, गलबते अशाच नजरेच्या मापाने झाली. हे कौतुकाचे खरेच. पण डोळ्यांतला नकाशा माणसाबरोबर मिटतो, त्याची दुसरी प्रत कोठल्याही दप्तरात नसते.

आज खाडीकाठी पाहावे तर फायबरच्या नौका दिसतात, आणि एखादा जुना मचवा काठावर उपडा पडून चिखलात रुतलेला असतो. नव्याला माझी ना नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने हलकी, टिकाऊ नौका घ्यावी हेच शहाणपण. पण तो उपडा मचवा सरपणाला जाण्याआधी कोणी त्याला मोजील का?

माझी सूचना साधी आहे. पेटीतले जहाज जरूर बांधा. ‘कॉन्स्टिट्यूशन’ बांधा, तिच्या फळ्या निमुळत्या करायला शिका, चुका आणि उकला. कित्येक महिने लागतील, लागू देत. मग एक दिवस मोजपट्टी, वही आणि पेन्सिल घेऊन जवळच्या खाडीवर जा. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला ‘काका, हा बाक असा का?’ म्हणून विचारा. दर दोन फुटांवर मचव्याची रुंदी आणि खोली मोजा, फासळ्या मोजा, नाळेचा कोन टिपून घ्या. घरी येऊन त्या मापांनी, एका फुटाला पाव इंच धरून, एक छोटा मचवा करा. तो बेढब झाला तरी चालेल. कैद्यांच्या हाडांच्या जहाजांची मापे चुकली होती, तरी संग्रहालयांनी ती जपून ठेवलीच ना?

फिनिअस पेटच्या काळी छोटे जहाज आधी होत असे आणि मोठे मागून. आपल्यावर वेळ उलटी आली आहे. आपली मोठी जहाजे एकेक करून जात आहेत. त्यांच्या मागे निदान छोटी तरी राहावीत, म्हणजे उद्या एखाद्या पोराने ‘आपले मचवे कसे असत हो?’ असे विचारले, तर त्याच्या हाती काहीतरी देता येईल.