कच्च्या लायसन्सची गाडी

आपल्याकडे अठरा वर्षं पूर्ण झाली आणि गिअरच्या दुचाकीचं लायसन्स हातात पडलं, की शंभर सीसीची गाडी घ्या नाहीतर हजार सीसीची, कायदा काही विचारत नाही. विचारतात ते वडील, आणि त्यांचा प्रश्न बहुधा ॲव्हरेजचा असतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र नवशिक्याने कोणती मोटारसायकल चालवायची हे सरकारनेच ठरवायला घेतलं. तिथला साठेक वर्षांचा इतिहास पाहिला तर नवशिक्याच्या हाती कशी गाडी आली, हे सरकारने नेमकं काय मोजलं यावर ठरलेलं दिसतं. सीसी मोजले तेव्हा कारखान्यांनी लहान इंजिनात मोठी मस्ती भरली. ताकदीला वजनाने भागायला लागल्यावर कुठे रोज कामावर नेणारी आणि सुट्टीत राज्य ओलांडणारी गाडी शिकाऊच्या वाट्याला आली.

1961च्या जुलैपर्यंत ब्रिटनमधला शिकाऊ चालक पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावून कितीही मोठी मोटारसायकल घेऊन रस्त्यावर उतरू शकत होता. त्या महिन्यापासून 250 सीसीची मर्यादा आली. साइडकार जोडली तर ती लागू नव्हती, म्हणजे पळवाट कायद्यातच होती. पण खरी पळवाट इंजिनात निघाली. रेडिचच्या रॉयल एनफिल्डने 1964 मध्ये 248 सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली. फायबरग्लासची लाल टाकी, खाली ओढलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट, शर्यतीच्या गाडीसारखी कुबडाची सीट. कायद्याने ही शिकाऊची गाडी, दिसायला मात्र थेट रेसट्रॅकवरची. जाहिरातीसाठी ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या जॉन ओ’ग्रोट्सपासून कॉर्नवॉलच्या लँड्स एंडपर्यंत चोवीस तासांच्या आत पळवून दाखवली. आता कोणी म्हणेल, 250 सीसीवर अख्खा देश ओलांडता येतो तर लांबच्या प्रवासाला आणखी काय हवं? पण चालक बदलत बदलत केलेली ती दौड होती. त्यातून गाडीचा वेग सिद्ध झाला. त्या हँडलवर ओणवं होऊन एकट्याने आठवडाभर फिरणाऱ्याच्या मनगटांचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. पुढे जपानी टू-स्ट्रोक आल्या. 1978च्या सुझुकी एक्स-7ची जाहिरात ताशी शंभर मैलांची होती, 1980 मध्ये यामाहाची आरडी 250 एलसी आली, आणि या दोन्ही गाड्या शिकाऊला कायद्याने खुल्या होत्या. शेवटी सरकारने हात आखडला आणि 1983 पासून शिकाऊ 125 सीसी व बारा अश्वशक्तीवर आला. लांबच्या प्रवासाचा विषयच संपला.

ऑस्ट्रेलियातही आधी अडीचशेच्या आसपासचीच रेघ होती; व्हिक्टोरियात 260 सीसी. एवढ्या ढोबळ मापावर इतकी वर्षं काम चाललं, याला कारण होतं. सीसी नोंदणीपुस्तकात लिहिलेले असतात आणि हवालदारालाही वाचता येतात. शिवाय कागदावर इंजिन लहान राहतं. पण त्याच कागदावर सुझुकी आरजीव्ही 250 आणि ॲप्रिलिया आरएस 250 या गाड्याही बसत होत्या, आणि त्या जवळजवळ दिवे लावलेल्या रेसगाड्याच होत्या. राज्यांनी मग मापच बदललं. व्हिक्टोरियाने नवं माप जुलै 2008 मध्ये आणि न्यूझीलंडने ऑक्टोबर 2012 मध्ये स्वीकारलं. नियम असा: इंजिन 660 सीसीपर्यंत चालेल, पण गाडीचं वजन अधिक चालकाचे नव्वद किलो धरून दर टनामागे ताकद 150 किलोवॅटच्या वर जाता कामा नये. न्यूझीलंडने तर आरजीव्ही आणि आरएस 250 यांची नावंच वर्ज्य यादीत टाकली. यामाहाची एमटी-07 मूळची 689 सीसीची. तिची शिकाऊंसाठीची आवृत्ती काढताना पिस्टनचा व्यास 80 मिलिमीटरवरून 78वर आणला, तेव्हा इंजिन 655 सीसीचं झालं, आणि ताकदही उतरवली. दोन मिलिमीटरची ही कसरत पाहिली की कायद्याचं वजन कळतं.

यावर आक्षेप दोन. पहिला, दोनशे किलोची गाडी नवशिक्याला सांभाळायला जड, आणि वजन वाढलं की प्रमाण आपोआप खाली येतं, म्हणजे नियम एका परीने जडपणालाच बक्षीस देतो. हे खरंच आहे. सिग्नलला पाय टेकवताना, पार्किंगमधून मागे ढकलताना अडीचशेची गाडी सोपीच. पण ती अडचण चालण्याच्या वेगाला येते, आरजीव्हीची अडचण थ्रॉटल पिळल्यावर येते. दुसरा आक्षेप असा की न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊला ताशी नव्वदची मर्यादा आहे आणि डबलसीट बंद आहे, मग त्याला टूरिंगची गाडी कशाला? उत्तर मुदतीत आहे. तिथे शिकाऊनंतर तरुण चालकाला एक वर्षाचा आणि मग दोन वर्षांचा तात्पुरता परवाना असतो, आणि तोवर गाडी या मापात बसणाऱ्या मंजूर गाड्यांच्या यादीतलीच हवी. गाडी निवडायची ती तीन वर्षांच्या संसारासाठी. त्या काळात सिडनीहून मेलबर्नला, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटरवर, एकदा तरी जाणं होतंच. नलारबोरच्या ओसाड मैदानातल्या वाटेवर तर दोन पंपांमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जातं. तिथे टाकी किती लिटरची आणि इंजिन किती शांतपणे चालतं, याला वेगापेक्षा जास्त किंमत आहे.

या मापात आपल्याकडच्या कारखान्यांच्या गाड्या चपखल बसल्या. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम 390 ड्यूक यादीत आहे. चेन्नईजवळ बनणारी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650ही आहे: सुमारे 35 किलोवॅट, 202 किलो, चालक धरून 292, भागाकार दर टनाला 120च्या आसपास येतो. तिची टाकी 13.7 लिटरची, म्हणजे नलारबोरचा तो टप्पा निभावतो. तिच्यासोबत 2018 मध्ये आलेल्या जुळ्या गाडीचं नाव पुन्हा कॉन्टिनेंटल जीटी. रेडिचचा कारखाना केव्हाच बंद झाला होता, इंजिन 248 सीसीवरून 648वर गेलं होतं, आणि ऑस्ट्रेलियात ती पुन्हा शिकाऊंच्या यादीत लागली.