पुण्याचा चित्रपट-महोत्सव व प्रभातचा वारसा

पुण्यांत थंडीच्या दिवसांत आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव भरूं लागला त्यास आतां सुमारें दोन तपें झालीं. २००२ सालीं सुरू झालेल्या आणि डॉ. जब्बार पटेल यांनीं दीर्घकाळ ज्याची धुरा वाहिली अशा या उत्सवाकडे केवळ परदेशी चित्रांची जत्रा म्हणून पाहणारे गृहस्थ आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. या उत्सवांत उत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटास 'प्रभात' या नांवाचें, तर उत्कृष्ट मराठी चित्रपटास 'संत तुकाराम' या नांवाचें पारितोषिक दिलें जातें. हीं नांवें शोभेकरितां घेतलेलीं नाहींत. त्यांच्यामागें पुण्याचाच इतिहास उभा आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, असा आमचा हेतु आहे.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ च्या जून महिन्यांत कोल्हापुरास झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर हे बाबुराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झालेले कसबी लोक. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी हे भांडवल घालणारे सराफ. आज ज्यास 'स्वतंत्र चित्रपट' म्हणतात त्याची व्याख्या विद्वान् मंडळी नाना परींनीं करतात. आमच्या मतें, काय दाखवावें व कसें दाखवावें याचा निर्णय चित्र घडविणाऱ्यांच्याच हातीं असला, म्हणजे तें चित्र स्वतंत्र. या अर्थानें प्रभातचे पांचही भागीदार स्वतंत्र होते.

१९३३ सालीं कंपनी पुण्यास आली आणि एरंडवण्यांत तिचा स्टुडिओ उभा राहिला. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल या जोडीनें तेथें घडविला. विष्णुपंत पागनिसांच्या तन्मयतेचें कौतुक पुष्कळ झालें आहे व तें यथार्थच आहे; परंतु आमच्या मनांत तें चित्र राहिलें आहे तें गौरीच्या जिजाईमुळें. संसाराच्या ओढाताणीनें त्रासलेली, म्हशीशीं सुखदुःख बोलणारी आणि प्रत्यक्ष विठोबासही खडसावण्यास न भिणारी ही बाई देहूच्या घराघरांतून उचलून आणल्यासारखी वाटते. तिच्यामुळेंच तुकोबांचा वैराग्यभाव खरा वाटतो; कारण त्या वैराग्याची किंमत कोण भरीत होतें, हें प्रेक्षकांस दिसतें.

१९३७ सालीं हें चित्र व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविलें गेलें व तेथें त्याचा विशेष गौरव झाला. व्हेनिसचा उत्सव १९३२ सालीं सुरू झालेला, म्हणजे अशा उत्सवांत तो वडीलच म्हणावयाचा. इटलींत मराठी चित्रास गिऱ्हाईक कोठलें? वितरकांच्या हिशेबांत जें कधींच बसलें नसतें, तें अशा उत्सवानें घडविलें. आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ सालीं मुंबईस भरला.

त्या सुमारास इकडे प्रभातची मात्र अखेर जवळ आली होती. शांताराम १९४२ सालीं बाहेर पडले, दामले १९४५ सालीं वारले आणि पुढें कांहीं वर्षांतच कंपनीचें काम बंद झालें. सुदैवानें जागा ओस पडली नाहीं. १९६० सालीं सरकारनें तेथेंच फिल्म इन्स्टिट्यूट काढली. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. २०२२ पासून तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें आहे. या संग्रहालयासाठीं केरळांतून आलेल्या पी. के. नायर यांनीं आयुष्य वेंचलें. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) व 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रांचे जे अवशेष आज पाहावयास मिळतात, ते बव्हंशीं त्यांच्या खटपटीमुळें. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहांत बसून पुणेकरांच्या पिढ्या जगाचें चित्र पाहावयास शिकल्या. महोत्सवास जो जाणता प्रेक्षक मिळाला तो येथून.

परंतु याच इतिहासांत एक काळें पान आहे. २००३ च्या जानेवारींत इन्स्टिट्यूटच्या आवारांतील साठवणीच्या कोठीस आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येनें जळून गेल्या. नायट्रेट हा जात्याच ज्वालाग्राही पदार्थ. जरा उष्णता वाढली कीं तो आपोआप पेट घेऊं शकतो. महोत्सवाचें तेव्हां नुकतेंच कोठें पहिलें वर्ष झालें होतें.

आजच्या स्वतंत्र चित्रपटांची स्थिति आम्हांस याहून नाजूक वाटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चा २०१४ सालीं व्हेनिसला मोठा सन्मान झाला; त्यास नांव मिळालें, म्हणून तो टिकेल. पण जीं लहान चित्रें उत्सवांत एकदां दाखविलीं जातात व चित्रगृहांत दोन खेळही न मिळतां घरीं परततात, त्यांचें काय? फीत आतां नाहींच. सारें चित्र एका तबकडीवर. ती तबकडी बिघडली, किंवा ती वाचणारें यंत्र कालबाह्य झालें, म्हणजे आगीचीही गरज नाहीं. 'संत तुकाराम' पारितोषिक देतांना त्या चित्राची एक प्रत संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याची अट घालावी, असें आमचें मागणें आहे. फाळक्यांच्या मागें नायरांना शोधण्यास निदान फितींचे डबे तरी उरले होते.