थांबावे की आरंभ करावा?

रोगाचे निदान झाले की त्यापाठोपाठ औषधयोजना व्हावयाचीच, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या व्याधीच्या इतिहासात निदान आणि उपचार ह्यांच्यामध्ये तब्बल सव्वाशे वर्षांचे अंतर पडले. ह्या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू ह्यांतील तंतूंच्या वेष्टनावर उलटते. दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात, बोटे बधिर होतात. आणि काही आठवड्यांनी बहुधा हे सारे ओसरते. ह्या ओसरण्यातच खरी मेख आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्याचा नातू ऑगस्टस देस्ते ह्याची दृष्टी १८२२ च्या डिसेंबरात अकस्मात मंदावली आणि काहीही उपाय न करता पूर्ववत झाली. पुढे अनेक वर्षे ह्या व्याधीची चाल तो आपल्या दैनंदिनीत टिपीत राहिला. पण तिला तेव्हा नावच नव्हते. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तें शार्को ह्याने १८६८ साली तिचे स्पष्ट वर्णन केले. सोने, जस्त व चांदी ह्यांचे क्षार आणि कुचल्याचे सत्त्व ह्यांपैकी कशानेही टिकाऊ गुण येत नाही, हेही त्याला नमूद करावे लागले.

औषध नाही, तेव्हा रोगाचे नाव तरी रुग्णाला कशाला सांगावे, अशी मग रीत पडली. बार्बेलियन ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या ब्रूस कमिंग्ज ह्या इंग्रज लेखकाला १९१५ साली, सैन्यभरतीसाठी डॉक्टरांनी दिलेले बंद पाकीट उघडले तेव्हाच आपला रोग कळला. त्याच्या पत्नीला मात्र तो विवाहापूर्वीपासून ठाऊक होता! १९१९ साली, वयाच्या ३० व्या वर्षी तो वारला.

१९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा ह्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रोग बरा होत नसे; परंतु झटके सुमारे एक तृतीयांशाने घटत. पुरवठा इतका तुटपुंजा होता की प्रथम कोणास औषध द्यावयाचे हे सोडतीने ठरवावे लागले. औषध आले आणि त्याबरोबरच प्रश्न उभा राहिला : आरंभ केव्हा करावा?

काही रुग्णांत व्याधी वर्षानुवर्षे सौम्य राहते. अशांनी सुया टोचून घेणे, ताप आणि खर्च ही ओझी आधीच का वाहावीत, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण १९९८ साली ब्रूस ट्रॅप व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले की, वेष्टनच नव्हे तर आतले तंतूही तुटतात, आणि तेही रोग अल्पमुदतीचा असतानाच. म्हणजे बाहेर शांतता दिसत असतानाही आत हानी झालेली असू शकते. २००० साली पहिला झटका आलेल्या ३८३ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लवकर औषध मिळालेल्यांत दुसरा झटका येण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. २००१ मध्ये इयान मॅक्डॉनल्ड ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष आले. एम.आर.आय. चित्रांच्या आधारे, दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान करणे त्यामुळे शक्य झाले.

तथापि घाईचीही किंमत असते. २००४ साली मान्यता पावलेले नॅटॅलिझुमॅब हे प्रभावी औषध, मेंदूच्या दुर्मिळ पण घातक संसर्गामुळे २००५ मध्ये मागे घ्यावे लागले. २००६ मध्ये ते परतले ते कडक देखरेखीच्या अटीवर.

२०१८ च्या अमेरिकन व युरोपीय मार्गदर्शनाचा कल लवकर आरंभ करण्याकडे आहे. मात्र दोन वर्षांत झटका नाही, चित्रात नवा डाग नाही, अशा औषध न घेणाऱ्या रुग्णाबाबत नियमित तपासणी करीत थांबण्यास अमेरिकन मार्गदर्शनात जागा ठेवलेली आहे. परंतु असे थांबणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. रुग्णाची मानसिक तयारी आणि अपत्याची इच्छा ह्यांचाही विचार त्यात सांगितला आहे. एके काळी ज्याच्यापासून रोगाचे नावही बंद पाकिटात दडवून ठेवीत, त्याच रुग्णाला आता निर्णयात सहभागी करून घेतले जाते. औषधांच्या शोधाइतकाच हा पालटही मोलाचा आहे.